एका तपासणीसाठी बारा वर्षं

३० मार्च १९८१ला वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला. एक गोळी त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात घुसली. ते कायमचे अपंग झाले. हल्लेखोर हिंकलीने रिव्हॉल्व्हर घेतलं होतं डॅलसमधल्या गहाणवटीच्या दुकानातून, अर्जावर खोटा पत्ता लिहून. तो कोणी पडताळलाच नाही. ब्रेडी पती-पत्नी वर्षानुवर्षं झगडले, तेव्हा कुठे १९९३मध्ये परवानाधारक दुकानांतल्या खरेदीसाठी तपासणी सक्तीची झाली. खासगी विक्री मात्र सुटली. कॅलिफोर्नियाने आपल्यापुरती ही पळवाट बुजवली. शेजारच्या ॲरिझोनात ती आजही उघडी आहे. तिथली बंदूक डिकीत टाकून आणली, की कॅलिफोर्नियाचा कायदा कागदावरच. राज्यांनी वाट दाखवावी, पण कुंपण देशालाच घालावं लागेल.