रानडुकराची ओळख आणि छायाचित्रण

खामगावहून बुलढाण्याकडे जाणारा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. १९९७ साली घोषित झालेले हे सुमारे २०५ चौ. कि.मी.चे शुष्क पानगळीचे जंगल अस्वलांसाठी प्रसिद्ध असले, तरी येथे व लगतच्या शेतांत रानडुकरांचा वावर मोठा आहे.

रानडुक्कर (सस स्क्रोफा) हे गावडुकराचे मूळ कुळ. त्यामुळे दुरून गफलत होते. रानडुकराचे मुस्कट लांब व निमुळते असते. मानेपासून पाठीवर राठ केसांची आयाळ असते आणि शेपूट सरळ, टोकाला केसांचा झुबका असलेले असते. नराचे सुळे ओठांबाहेर दिसतात. पिलांच्या अंगावर फिकट उभे-आडवे नव्हे, तर डोक्याकडून शेपटीकडे जाणारे पट्टे असतात. ते काही महिन्यांत पुसले जातात.

आफ्रिकेतील वॉर्टहॉग मात्र सहज ओळखू येतो. त्याच्या चेहऱ्यावर चामखिळीसारखे उंचवटे असतात. तो पुढचे गुडघे टेकून चरतो आणि धावताना शेपूट काठीसारखे उभे धरतो. तेथील बुशपिग प्रामुख्याने निशाचर असल्याने क्वचितच टिपता येतो.

रानडुकराची नजर मंद, पण घ्राणेंद्रिय अतिशय तीक्ष्ण असते. म्हणून छायाचित्रकाराने वाऱ्याची दिशा पाहूनच जागा निवडावी. पहाटेचे वा सायंकाळचे तिरपे ऊन अंगावर पडत असताना काळसर केसांचा पोत उठून दिसतो. चिखलात लोळण्याच्या जागा व पाणवठे सोयीचे. अभयारण्यात वाहनातून उतरू नये, फ्लॅश वापरू नये. पिलांसह असलेल्या मादीपासून आणि जखमी नरापासून दूरच राहावे.

ही ओळख केवळ हौसेपुरती नाही. मका, भुईमूग, हरभरा रातोरात उकरला गेल्यावर वन विभागाकडून नुकसानभरपाई मिळण्यासाठी पंचनामा आवश्यक असतो. रानडुकराच्या पावलात दोन मुख्य खुरांमागे दोन्ही बाजूंना लहान उपखुरांचे ठसे उमटतात. नीलगाईच्या ठशात ते सहसा दिसत नाहीत. ठशाशेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले छायाचित्र आणि नांगरल्यासारख्या उकरलेल्या जमिनीचे दुसरे छायाचित्र शेतकऱ्याच्या उपयोगी पडते.