बोरघाटातल्या न दिसणाऱ्या वायूची गोष्ट

बोरघाटातल्या रेल्वेमार्गाचं काम 1856 मध्ये सुरू झालं आणि 1863 मध्ये गाडी खंडाळ्याचा चढ चढू लागली. या मार्गावर 25 बोगदे होते. 1861 च्या सुरुवातीला तर इथे 42 हजारांवर माणसं राबत होती. डायनामाइटचं पेटंट आलं 1867 साली, म्हणजे घाटातला कातळ फुटला तो पहार-हातोड्याने भोकं पाडून आणि त्यात काळी दारू ठासून.

त्या दारूच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोराने चिकटतो. बोगद्यात एखादा मजूर डोकं धरून खाली बसला, तर ते तापाने, उपाशीपोटी कामाने की हवेने, हे कोण सांगणार? पटकीने मेलेले सगळ्यांना दिसले. हवेने मेलेले वेगळे ओळखायची सोयच नव्हती. विषारी हवा ओळखायला खाणीत कॅनरी पक्षी न्यावा, असं हाल्डेन या शास्त्रज्ञाने सुचवलं तेदेखील 1890 च्या दशकात.

पुढे इंजिनांचा धूर आला. 37 फुटांमागे एक फूट इतका चढ, म्हणजे बोगद्यांतही इंजिनाला भरपूर कोळसा जाळावा लागे. 1929 मध्ये घाटात वीज आली आणि 1930 मध्ये डेक्कन क्वीन धावू लागली. विद्युतीकरण म्हटलं की लोक वेग आठवतात. पण ड्रायव्हर-फायरमनच्या फुप्फुसांवर त्याने केलेले उपकार त्याहून मोठे आहेत. विषारी वायू न मोजताच तो बोगद्यातून हद्दपार झाला.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने तो परत आणला. 2002 मध्ये हा रस्ता पूर्ण सुरू झाला, आणि खंडाळा, कामशेतच्या बोगद्यांत डिझेल-पेट्रोलचा धूर आला. खोपोली ते कुसगाव या नव्या जोडमार्गावरचा एक बोगदा तर सुमारे 8.9 किलोमीटर लांब. एवढ्या अंतरात पंखे कधी आणि किती जोराने फिरवायचे, हे ठरवायला वायू मोजावाच लागतो.

मोठ्या बोगद्यांत त्यासाठी सहसा अवरक्त किरणांची किंवा विद्युत-रासायनिक उपकरणं लावतात. सर्वांत स्वस्त वायुसंवेदक मात्र धातूच्या ऑक्साइडचा. 1962 मध्ये जपानमध्ये सेइयामा यांनी झिंक ऑक्साइडचा वायू ओळखण्याचा गुण दाखवला. त्याच वर्षी तागुची यांनी टिन ऑक्साइडच्या संवेदकासाठी पेटंटचा अर्ज केला. घरोघरी पोचलेल्या स्वयंपाकाच्या गॅसचे स्फोट ही तिथली निकड होती.

नखाएवढ्या डबीत टिन ऑक्साइडचा थर आणि त्याला तीन-चारशे अंशांपर्यंत तापवणारी तार असते. हवेतला ऑक्सिजन थरावर बसून त्यातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, म्हणून वीज अडते. कार्बन मोनॉक्साइड आला की तो त्या ऑक्सिजनशी जुळतो, इलेक्ट्रॉन सुटतात आणि वीज सरसर वाहू लागते.

अडचण अशी, की पाण्याची वाफही याच थरावर बसते. जुलैत लोणावळ्याच्या धुक्यात ठेवलेला संवेदक आणि मे महिन्यातल्या कोरड्या हवेतला संवेदक तेवढ्याच वायूला वेगळे आकडे दाखवतात. शिवाय हा संवेदक एका वायूपुरता थांबत नाही. अल्कोहोलची वाफ, स्वयंपाकाचा गॅस, हायड्रोजन, सगळ्यांना कमीजास्त दाद देतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत 1990 च्या दशकात टिन ऑक्साइडच्या पृष्ठभागावर मौल्यवान धातूंचे अंश बसवून त्याला ठरावीक वायू निवडायला शिकवण्याचे प्रयोग झाले. आर्द्रतेचा हिशेब मात्र अजूनही वेगळा मांडावा लागतो: संवेदकाशेजारी आर्द्रतामापक बसवून आकडा दुरुस्त करायचा आणि माहीत असलेल्या प्रमाणातला वायू सोडून तो पुन्हा पुन्हा तपासायचा.