नारिंगी पडद्यावरची प्रयोगशाळा

इलिनॉय विद्यापीठात १९६० साली डोनाल्ड बिट्झर यांनी ‘प्लेटो’ ही संगणकावरून शिकवणारी यंत्रणा सुरू केली. पण धडे लिहिणार कोण? प्रोग्रामिंग जाणणाऱ्यांना रसायनशास्त्र येईना आणि रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांना प्रोग्रामिंग.

वाट काढली एका विद्यार्थ्यानं. प्राणिशास्त्राच्या पॉल टेंझारनं १९६७ साली ‘ट्यूटर’ ही भाषा रचली. विषय जाणणाऱ्याला स्वतःच धडा लिहिता यावा, हा तिचा हेतू.

रसायनशास्त्र विभागानं तिचं सोनं केलं. प्राध्यापक स्टॅन्ली स्मिथ यांच्या धड्यांत विद्यार्थी नारिंगी प्लाझ्मा पडद्याला बोट लावून ऊर्ध्वपातनाचा प्रयोग चालवत. चूक झाली तरी काच फुटत नसे, प्रयोग पुन्हा मांडता येई. स्मिथ यांच्यासोबत धडे रचणाऱ्या रूथ चाबे यांनी १९७५ साली तिथंच भौतिक रसायनशास्त्रात पीएच.डी. मिळवली. विद्यार्थी कुठं अडखळतो, हे नुकतंच शिकलेल्याला अधिक नेमकं ठाऊक असतं. असे लेखक लाभणं हे ‘प्लेटो’चं खरं बळ होतं.

चाबे पुढं भौतिकशास्त्राच्या अध्यापनाकडे वळल्या. कार्नेगी मेलन विद्यापीठात त्यांचा आणि ब्रूस शेरवूड यांचा अभ्यासक्रम शिकलेल्या डेव्हिड शेररनं पदवीचा विद्यार्थी असतानाच २००० साली ‘व्हीपायथन’ घडवलं. त्रिमितीय हालचाली पडद्यावर दाखवणारं हे साधन त्याच्यामागून आलेल्या विद्यार्थ्यांच्या हाती पडलं.