पासपोर्ट कोणी दिला?

केनिया स्वतंत्र झाल्यावर नैरोबीतल्या ब्रिटिश हाय कमिशनने दिलेल्या पासपोर्टात राष्ट्रीयत्वापुढे छापलेलं असे : ब्रिटिश प्रजाजन, युनायटेड किंग्डम आणि वसाहतींचा नागरिक. असे पासपोर्ट घेणाऱ्यांत गुजराती आणि पंजाबी बरेच होते, काही गोव्याहून आलेल्या घराण्यांतलेही. ही ओळ १९८२ अखेरपर्यंत तशीच राहिली. तिच्यातलं मोल मात्र कधीच काढून घेतलं गेलं होतं. कसं, ते कायद्यांच्या कलमांतच वाचायला मिळतं.

ही ओळ १९४८ च्या कायद्यातली, १ जानेवारी १९४९ पासूनची. त्याआधी फक्त राजाचे प्रजाजन असत. त्यातही भेद होताच. पुण्यात जन्मलेला प्रजाजन, तर कोल्हापूर संस्थानात जन्मलेला नुसताच ‘संरक्षित’. काठियावाडच्या संस्थानातून नैरोबीला गेलेला बाप संरक्षित आणि तिथे जन्मलेला मुलगा प्रजाजन, असं एकाच घरात घडे.

१९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातल्या लोकांना ब्रिटनचं दार पहिल्यांदा अडवलं. सूट होती ती ब्रिटनमध्ये जन्मलेल्यांना आणि खुद्द ब्रिटन सरकारचा पासपोर्ट असलेल्या नागरिकांना. वसाहतीच्या सरकारने दिलेला पासपोर्ट यात धरायचा नाही, असंही कलमात होतं. केनियात गव्हर्नर होता तोवर तिथले पासपोर्ट या दुसऱ्या प्रकारचे. १२ डिसेंबर १९६३ ला केनिया स्वतंत्र झाला, गव्हर्नरचं सरकार संपलं, पासपोर्ट हाय कमिशन देऊ लागलं, आणि तेही लंडनच्या वतीने. माणूस तोच, दुकान तेच. पण आता त्याला कायद्याची आडकाठी उरली नाही.

हे जाणूनबुजून झालं का? १९६८ मध्ये माजी वसाहतमंत्री इयन मॅक्लाउड म्हणाले, होय, आपण शब्द दिला होता. १९६३ मध्ये ते खातं सांभाळणाऱ्या डंकन सँडिस यांनी इन्कार केला. मला या वादापेक्षा १९६३ चा केनिया स्वातंत्र्य कायदा जास्त बोलका वाटतो. केनियाचं नागरिकत्व आपोआप मिळेल त्याचं जुनं सुटेल, एवढंच त्यात आहे. बाकीच्यांचं तसंच राहणार, हे ओघानेच आलं. ज्यांना ते नको होतं त्यांना दुरुस्ती सुचवायची संधी तेव्हा ब्रिटिश संसदेत होती.

डिसेंबर १९६७ पासून केनियाने परक्या नागरिकांना कामाचे परवाने सक्तीचे केले आणि लंडनच्या विमानांना गर्दी झाली. ती थांबवण्यासाठी ब्रिटिश गृहमंत्री जेम्स कॅलहॅन यांनी आणलेलं विधेयक संसदेच्या दोन्ही सभागृहांनी तीन दिवसांत उरकलं. १ मार्च १९६८ ला त्यावर राणीची मोहोर उमटली. पासपोर्टाची अट राहिली, शेजारी आणखी एक आली : स्वतः, आईवडील किंवा आजीआजोबांपैकी कुणी ब्रिटनमध्ये जन्मलेलं तरी हवं, नाहीतर तिथे नागरिकत्व मिळवलेलं. वंशाचा शब्द कुठेही नाही. गरजही नव्हती. नैरोबीजवळच्या गोऱ्या मळेवाल्याचा आजोबा बहुधा ब्रिटनमधलाच निघे, आशियाई दुकानदाराचा जामनगरचा किंवा जालंधरचा. अशा दुकानदारासारख्यांसाठी वर्षाला १,५०० कुटुंबप्रमुखांपुरती व्हाउचरं ठेवली. या कायद्यातला वंशभेद मानहानिकारक वागणुकीत मोडतो, असा अहवाल युरोपीय मानवाधिकार आयोगाने १९७३ मध्ये दिला.

१ जानेवारी १९८३ ला ओळही बदलली. अशा उरलेल्या पासपोर्टधारकांना ‘ब्रिटिश ओव्हरसीज सिटिझन’ म्हणू लागले. या नागरिकत्वात ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क नाही. दुसरं कुठलंच नागरिकत्व नसलेल्यांना पूर्ण नागरिक म्हणून नोंदणी करता येऊ लागली ती ३० एप्रिल २००३ पासून. त्या कलमात आजोबांची चौकशी नाही.