सेकंडहँड मोबाइलचा बाजार : आंबिवली-कल्याण पट्टा

कल्याण-कसारा मार्गावरच्या आंबिवलीच्या गिऱ्हाइकाला मोबाइलच्या मोठ्या बाजारासाठी फार लांब जावे लागत नाही. एक स्टेशन अलीकडे शहाडला उतरले की उल्हासनगर लागते. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले हे शहर दुरुस्ती, सुटे भाग आणि जुन्या मालाच्या उलाढालीत आधीपासूनच मुरलेले होते. मोबाइल आला तेव्हा तोही त्याच गाळ्यांत शिरला.

भारतात मोबाइल सेवा 1995 मध्ये सुरू झाली, पण येणाऱ्या कॉललाही पैसे पडत असल्याने तो बराच काळ पैसेवाल्यांकडेच राहिला. 2003 मध्ये इनकमिंग फुकट झाले आणि चित्र पालटले. त्याच वर्षी रिलायन्सने 501 रुपयांत हँडसेट हाती दिला, मात्र त्या सीडीएमए फोनमध्ये सिमकार्डच नसे. नंबर फोनशीच बांधलेला, त्यामुळे तो परस्पर विकणे अवघड. जुन्या फोनचा खरा बाजार वाढला तो सिम बदलता येणाऱ्या जीएसएम हँडसेटवर. तिथली हमी म्हणजे गाळा. फोन बिघडला तर निदान कुठे जाऊन भांडायचे, ते ठाऊक असे.

प्रत्येक हँडसेटला 15 अंकी आयएमईआय क्रमांक असतो, पण स्वस्त चिनी फोनमध्ये तो अनेकदा नसे किंवा शेकडो फोनना एकच असे. 30 नोव्हेंबर 2009 नंतर असे फोन नेटवर्कवरून बंद करण्याचा सरकारी आदेश निघाला. त्याआधी पैसे भरून फोनमध्ये अधिकृत क्रमांक ‘बसवून’ घेण्याची सोय झाली होती. फोनची ओळख बदलता येते, हे ग्राहकाला त्यातून राजरोस कळले, असे म्हणायला हरकत नाही.

दरम्यान जुन्या मालाचा बाजार इंटरनेटवरही सरकू लागला होता. मुंबईत 2000 साली सुरू झालेली बाझी डॉट कॉम ही ऑनलाइन खरेदी-विक्रीची साइट 2004 मध्ये ईबेने घेतली. पुढे ओएलएक्स आणि क्विकरने जुन्या वस्तूंच्या जाहिराती घरोघरी पोचवल्या. गाळा गेला आणि त्याबरोबर हमीही गेली. विकणारा स्टेशनबाहेर भेटे, दहा मिनिटांत व्यवहार उरके आणि नंतर त्याचा नंबर बंद लागे. यूपीआय आल्यावर तर भेटण्याचीही गरज उरली नाही. लष्करी जवान असल्याचे सांगून ‘टोकन’ म्हणून आगाऊ रक्कम मागणे हा त्यातला बराच गाजलेला फसवणुकीचा प्रकार. उलट आपला फोन विकायला काढणाऱ्याला ‘पैसे मिळवण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करायला लावत. पैसे स्वीकारायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, एवढे ठाऊक नसल्याने कित्येकांची खाती रिकामी झाली.

या बाजारात चोरीचा मालही मिसळत गेला. ठाणे-कल्याण पट्ट्यात लोकलच्या दारात उभ्या प्रवाशाच्या हातावर रुळांलगतच्या खांबावरून काठी मारून फोन पाडणाऱ्या ‘फटका गँग’चा उपद्रव जुना आहे. 2013 पासून आयफोनला आणि त्यानंतर अँड्रॉइडला मालकाच्या खात्याचे कुलूप आले. फोन रीसेट केला तरी तो जुन्या मालकाचाच पासवर्ड मागू लागला. त्यामुळे विक्रेत्याने आपल्यासमोर खाते काढून, रीसेट करून फोन पुन्हा सुरू करून दाखवणे ही सर्वांत साधी परीक्षा ठरली. त्यात कोणी टाळाटाळ केली, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

चोरीचा फोन देशभर बंद पाडणारी सीईआयआर ही केंद्रीय नोंदणी सप्टेंबर 2019 मध्ये महाराष्ट्रातच प्रथम सुरू झाली आणि मे 2023 मध्ये ‘संचार साथी’ पोर्टलद्वारे सर्वत्र पोचली. 2023 च्या दूरसंचार कायद्यानुसार आयएमईआयशी छेडछाड केल्यास 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते.

खरेदीदाराने फोनवर *#06# दाबून दिसणारा क्रमांक बिलावरच्या आणि खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळवावा. मग KYM, मोकळी जागा आणि तो क्रमांक असा एसएमएस 14422 वर पाठवावा. उत्तरात ‘ब्लॅकलिस्टेड’, ‘डुप्लिकेट’ किंवा ‘आधीच वापरात’ असे आले, तर तो फोन घेऊ नये.