दीड मिनिटाचा विसावा

"मामा, पोरगा भरतीची तयारी करतोय. जिमवाला म्हणतो 'हिट' कर. म्हणजे काय हो?" भाच्याने फोनवर विचारलं. मी पडलो इतिहासाचा मास्तर, त्यामुळे उत्तरही इतिहासातूनच आलं. आमच्या भिवंडीतही पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी बरीच पोरं दिसतात, म्हणून तेच इथे लिहितो.

हिट म्हणजे हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग. थोडा वेळ जीव तोडून मेहनत, मग विसावा, पुन्हा मेहनत. नाव नवं, गोष्ट जुनी. 1930 च्या दशकात जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर हे प्रशिक्षक आणि हान्स राइंडेल हे हृदयाचे डॉक्टर, या दोघांनी तिला नियम घालून दिला. धावपटूची नाडी मिनिटाला 180 पर्यंत न्यायची आणि थांबायचं. ती 120 वर उतरली की पुढची धाव. 90 सेकंदांत उतरली नाही, तर मेहनत झेपत नाही असं समजायचं. गंमत म्हणजे त्यांच्या मते हृदय बळकट होतं ते धावताना नव्हे, तर या विसाव्यात! गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने 1939 मध्ये 800 मीटरचा विक्रम केला, तो 1955 पर्यंत टिकला.

पुढे चेकोस्लोव्हाकियाच्या सैन्यातल्या एमिल झाटोपेकने लष्करी बूट घालून 400 मीटरच्या धावांमागून धावा काढल्या, पण प्रत्येक दोन धावांच्या मधे तो सावकाश पळायचा. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याला तीन सुवर्णपदकं मिळाली. त्याच हेलसिंकीत आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. कुस्ती तरी काय? झटापट, क्षणभर खडाखडी, पुन्हा झटापट. तालमीत जोर-बैठकांचा आकडा हळूहळू वाढवत नेतात, तो उगीच नाही.

1996 मध्ये जपानच्या इझुमी तबाता यांनी 20 सेकंद मेहनत आणि 10 सेकंद विसावा अशा सात-आठ फेऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि हे प्रकरण पुढे जिमपर्यंत पोचलं. पण त्यांचे गडी आधीच कसलेले होते, हे सांगायचं बहुतेक जण विसरतात.

आणि घोटाळा इथेच होतो. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत कॅडेटला तीन वर्षं घडवतात. आपला पोरगा जाहिरात आली की उठतो आणि महिन्याभरात 1600 मीटर मारायला बघतो. जून 2014 मध्ये मुंबई पोलीस भरतीत 5 किलोमीटर धावताना काही तरुणांचे जीव गेले, त्यानंतर अंतर कमी करावं लागलं. अंतर कमी झालं, घाई मात्र तशीच राहिली.

म्हणून भाच्याला एवढंच सांगितलं. आधी डॉक्टरांना दाखव. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबायचं, दम काढायचा नाही. दोन-तीन महिने साधं धावणं होऊ दे, जोराच्या धावा नंतर, त्याही आठवड्यातून दोनदाच. प्रत्येक धावेनंतर मनगटावर बोट ठेवून 15 सेकंद ठोके मोजायचे. दीड मिनिटात ते 30 वर आले नाहीत, तर त्या दिवशीची मेहनत तिथेच संपली. घड्याळ सगळेच धावण्यासाठी लावतात. ते विसाव्यासाठीही लावायला शिका, पोरांनो!