अफगाण स्नो, लॅक्मे आणि आपला कटलरीवाला

स्नो-पावडरचा इतिहास निघाला की मुंबईचंच नाव येतं. ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ मध्ये तिथं 'अफगाण स्नो' बाजारात आणला. १९५२ मध्ये टाटांची 'लॅक्मे' आली. नाव फ्रेंच वळणाचं, मूळ मात्र आपली लक्ष्मी!

पण जामखेडसारख्या गावात ही डबी बायकांच्या हातात दिली कोणी? बाजारातल्या कटलरीवाल्यानं अन् कासारानं. नेलपॉलिशचा रंग नखावर लावून बघायचा, उरलेले पैसे पुढच्या बाजारी द्यायचे. घरखर्चातून वाचवलेले चार पैसे बाई स्वतःसाठी खर्चायची, ती हीच जागा.

आता मोबाईलवर ऑर्डर होते अन् ही दुकानं ओस पडतायत. कंपन्यांचा इतिहास कंपन्या लिहितील. कटलरीवाल्याचा आपणच लिहायचा. घरातल्या आजीला आजच विचारा अन् खाली लिहा.